तोतया जोडीदार

चांदणी मेल्याची बातमी उल्का ढेबेला वडिलांनी नाही, शेजारच्या कासमचाचांनी कळवली.

"सकाळी पडली ती उठलीच नाही," चाचा फोनवर म्हणाले. "तुझा बाप तिच्याजवळ बसून आहे. कुणाशी बोलत नाय. तू लगेच फोन करू नको बेटी, जरा थांब."

उल्का थांबली. संध्याकाळी तिने फोन लावला तेव्हा आबांनी तो उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतर तिने लावायचं सोडलं.

चांदणी ही माथेरानमधली पांढरी घोडी. उल्काचे वडील धाकू ढेबे तिच्यावर पर्यटकांना रपेट करवून आणत. माथेरानमध्ये गाड्यांना अजूनही बंदी होती. मोठ्या रस्त्यांवर ई-रिक्षा धावू लागल्याला बरीच वर्षं लोटली होती, पण आतल्या लाल मातीच्या वाटांवर माणूस आणि सामान घोडाच नेत असे. आणि आता तेच घोडे सर्रा नावाच्या आजाराने एकामागून एक आडवे होत होते.

सर्रा तसा जुना. चावऱ्या माश्या एका जनावराचं रक्त पिता पिता दुसऱ्यावर जाऊन बसतात आणि ट्रिपनोसोमा नावाचा एकपेशीय परजीवी इकडून तिकडे नेतात. ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. जनावर खातं आणि तरी वाळत जातं. पाय सुजतात, मागचा भाग लटपटायला लागतो. पूर्वी त्यावर इंजेक्शनं होती आणि ती लागू पडत. पण अलीकडे थंडी नावापुरती उरली, माश्या बारमाही झाल्या, आणि इंजेक्शनं इतकी टोचली गेली की परजीवी त्यांना सरावला. नवा सर्रा डोंगर चढून माथेरानला पोचला तेव्हा जुनी औषधं आणि साधं पाणी यांत फरक राहिला नव्हता.

पुण्यात उल्का ज्या प्रयोगशाळेत काम करत होती तिथे या सर्ऱ्यावर नवं औषध तयार झालं होतं. त्याला सगळे 'तोतया' म्हणत. माथेरानच्या घोडेवाल्यांच्या बैठकीत कुणी पुढे यायला तयार नव्हतं, तेव्हा धाकू ढेबे उभे राहिले होते. "माझी पोरगी आहे त्यात," ते म्हणाले होते. "माझ्या चांदणीपासून सुरू करा." मग इतरांनीही आपापली जनावरं दिली. ताप उतरले. लटपटणारे घोडे ताठ उभे राहिले. चाचांनी सगळ्या आळीत पेढे वाटले. प्रयोगशाळेचे लोक सांगत होते की अजून थांबा, रक्त तपासत राहायला हवं. पण चंदी मागणारा घोडा समोर दिसत असताना ते कोण ऐकणार? तिसऱ्या आठवड्यात ताप परत आला. आधी चांदणी गेली, पाठोपाठ चाचांचा घोडा.

चांदणीच्या रक्ताची नळी बर्फात घालून पुण्याला आली होती. उल्काने ती स्वतःच्या हाताने उघडली.

प्रयोगशाळेत तळमजल्यावर एक यंत्र होतं. पूर्वीच्या सूक्ष्मदर्शकांत प्रथिनं बघायची तर ती आधी गोठवावी लागत आणि मग त्यांचं स्थिर चित्र मिळे. या यंत्रात जिवंत परजीवी ठेवला की त्याच्या आत प्रथिनं कशी तयार होतात, कुठे जातात, कुणाला जाऊन चिकटतात हे हलताना दिसे. उल्काने पडदा सुरू केला, आणि थोड्या वेळाने तिचे वरिष्ठ डॉ. हेरंब पळसुले खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले.

दोघं जे बघत होते ते असं होतं. या परजीवीला वाढायला स्पर्मिडीन नावाचा एक पदार्थ लागतो. तो बनवण्यातली एक महत्त्वाची पायरी एक विकर, म्हणजे एन्झाइम, पार पाडतं. गंमत अशी की परजीवी या विकराचे दोन प्रकार बनवतो. एक प्रकार कामकरी, पण एकटा असला की जवळजवळ झोपलेला. दुसरा प्रकार दिसायला त्याच्यासारखाच, पण त्याला स्वतःला काहीच काम करता येत नाही. काम करणारी जागाच त्याच्यात उरलेली नाही. मात्र हा दुसरा येऊन पहिल्याला बिलगला, की पहिला खडबडून जागा होतो आणि कित्येक पटींनी वेगाने कामाला लागतो. म्हणून प्रयोगशाळेत दुसऱ्याला 'जागल्या' म्हणत. घोड्याच्या किंवा माणसाच्या पेशीतल्या याच विकराची घडण वेगळी आहे. त्याला असा जागल्या लागत नाही. त्यामुळे ही जोडी फोडली तर परजीवी मरेल आणि घोड्याला धक्का लागणार नाही, असा विचार करून तोतया बनवला होता. परजीवीच्या शेपटीच्या मुळाशी एक खिसा असतो, त्यातून तो रक्तातलं अन्न आत ओढतो. त्याच खिशातून तोतया आत शिरत असे. तो कामकऱ्याचं सोंग घेई आणि जागल्यांना स्वतःकडे अडकवून ठेवी. खरे कामकरी झोपलेलेच राहत.

पडद्यावर मात्र आता पेशीभर जागल्यांची दाटी झाली होती.

"बघा," उल्का म्हणाली. "स्पर्मिडीन कमी पडायला लागलं तसे याने जागले वाढवले. आपले तोतये सगळे अडकलेत. आणि तरी इतके जागले मोकळे आहेत की कामकरी पुन्हा जागे झाले."

"कामकरी किती आहेत?" पळसुल्यांनी विचारलं.

तिने कामकऱ्यांना वेगळा रंग दिला आणि मोजणी लावली. मग तीच मोजणी पुन्हा लावली.

"होते तेवढेच," ती म्हणाली. "सर, ते वाढलेच नाहीत. तो फक्त जागल्यांची संख्या वाढवतो. कामकऱ्यांना हातच लावत नाही."

"म्हणजे आपण चुकीच्या जोडीदाराचं सोंग घेतलं होतं."

"हो. तोतया जागल्यासारखा हवा. कामकऱ्याला बिलगेल पण जागं करणार नाही. आणि एकदा बिलगला की सुटणार नाही. मग मागून कितीही जागले येऊ देत, त्यांना जागाच नसेल."

पळसुल्यांनी चष्मा काढून पुसला. "हे चांदणी जिवंत असताना कळायला हवं होतं," ते म्हणाले. "पण उंदरांत परजीवी इतके दिवस जगलाच नव्हता, कळणार कसं? चल, कामाला लाग."

नवा तोतया संगणकाने थोड्याच दिवसांत रचून दिला. तो खरोखर घट्ट बसेल असा करायला मात्र महिने गेले. आधी उंदीर झाले, मग मुद्दाम लागण केलेली प्रयोगशाळेची स्वतःची तट्टं. तट्टांचं रक्त स्वच्छ झालं आणि स्वच्छ राहिलं. परवानगीच्या समितीने आजारी घोड्यांवर चाचणी करायला मान्यता दिली, त्याच आठवड्यात माथेरानहून दुसरी बातमी आली. तिथल्या दोन घोडेवाल्यांच्या रक्तात सर्ऱ्याचा परजीवी सापडला होता. माणसाला हा आजार सहसा होत नाही; आपल्या रक्तातलं एक प्रथिन त्याला मारून टाकतं. नवा सर्रा त्या प्रथिनालाही दाद देत नव्हता. दोघंही माणसांसाठी असलेल्या एका जुन्या औषधाने कसेबसे वाचले. आणि जिल्ह्याहून हुकूम निघाला: ज्या घोड्याच्या रक्तात परजीवी सापडेल, तो महिनाअखेर वेदना न होऊ देता मारून टाकायचा.

हुकमाची अंमलबजावणी करायची होती डॉ. वैजयंती रणपिसे या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना. उल्का त्यांना भेटायला गेली तेव्हा त्यांनी आधी तिला चहा दिला.

"मला घोडे मारायची हौस नाही," त्या म्हणाल्या. "पण उद्या एखादं पोर दगावलं तर मी कुणाला काय सांगू? तुझं औषध चालेल?"

"तट्टांमध्ये चाललं आहे. आजारी घोड्यात चालेल असं वाटतं. खात्री देता येत नाही."

"खात्री देते म्हणाली असतीस तर मी तुला परत पाठवलं असतं. हे बघ, माशी आत शिरणार नाही असा जाळीचा तबेला उभा कर. त्यातल्या घोड्यांपुरता हुकूम थांबवायची परवानगी मी मागून घेते. पण मागच्या वेळी जेव्हा ताप उलटला, तो काळ पार पडेपर्यंतच. एकाचं जरी रक्त बिघडलं तरी मी थांबणार नाही. आणि घोडे तुला मालकांनी आपणहून द्यायला हवेत."

तीच खरी अडचण होती.

रेसकोर्सच्या मैदानाच्या कडेला, जांभळाच्या झाडांखाली घोडेवाले जमले. उल्काने सगळं सांगितलं. आधी काय झालं, आता काय वेगळं आहे, आणि काय ठाऊक नाही. आबा मागे, एका मुळावर बसून होते. ते तिच्याकडे नाही, मैदानाकडे बघत होते.

आधी कासमचाचा बोलले. "माझा एक गेला. दुसरा आजारी आहे, त्याला सरकार मारणार. मग सुई टोचून घ्यायला काय हरकत? घे माझा राजा."

"चाचा, तसं म्हणून देऊ नका," उल्का म्हणाली. "मरणारच आहे म्हणून दिलात, तर तुम्ही आत्ताच त्याला मेलेला समजाल. त्याला रोज तुमच्या हातचं खाणं लागणार आहे. तो जगायला हवा म्हणून द्या."

चाचांनी तिच्याकडे पाहिलं, मग मान हलवली. "बरं. जगायला हवा म्हणून देतो."

त्यांच्यामागून आणखी काही जणांनी होकार दिले. आबा उठून निघून गेले.

उल्का त्यांच्यामागे घरी गेली. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात आबा एकटेच असत. मागच्या पडवीत चांदणीचं पिल्लू, आता चांगला तरणा घोडा झालेला रॉकी, मान खाली घालून उभा होता. त्याच्या बरगड्या दिसत होत्या. आबा त्याला खरारा करत होते.

"याच्या रक्तात सापडलाय," उल्का म्हणाली.

"माहीत आहे."

"आबा, याला द्या."

"एक दिली ना तुला," आबा म्हणाले. हात थांबला नाही. "माझ्या शब्दावर लोकांनी जनावरं दिली होती. अजून बाजारात गेलो तर माणसं दुसरीकडे बघतात."

ती पडवीच्या पायरीवर बसली. रॉकीने शेपूट हलवून माशी उडवली.

आबांनी खरारा थांबवून विचारलं, "ह्या वेळी वेगळं काय आहे? तिथे मैदानात सांगितलंस ते मला अर्धंच कळलं."

तिने पुन्हा सांगितलं, सावकाश. झोपाळू कामकरी आणि त्याला उठवणारा. मागचं औषध उठवणाऱ्यांना अडवून ठेवायचं, म्हणून त्या किड्याने उठवणारे वाढवले. आताचं औषध झोपलेल्यालाच मिठी मारतं आणि सोडत नाही. आबा खरारा हातात धरून ऐकत होते.

"मग तो झोपणारेही वाढवील."

"अजून तरी कधी वाढवलेले दिसले नाहीत. कधीतरी शिकेल, आबा. किंवा तिसरंच काही काढील. आम्ही बघत राहू. आज तरी त्याच्याकडे याचं उत्तर नाही, एवढंच मी सांगू शकते."

"आणि हा मेला तर?"

"तर मी इथेच असेन. ह्या वेळी पुण्याला जाणार नाही."

आबांनी रॉकीच्या मानेवर हात ठेवला. मग खुंटीवरची दोरी काढून तिच्या हातात दिली. "तूच घेऊन चल," ते म्हणाले. "तुझ्यामागे येतो तो."

रेसकोर्सच्या कडेला उभारलेल्या जाळीच्या तबेल्याला दुहेरी दार होतं. आत शिरताना कपडे झटकायचे, पहिलं दार लावायचं, मगच दुसरं उघडायचं. पहिल्या इंजेक्शननंतर काही दिवसांतच ताप उतरले. राजा चंदीच्या बादलीवर तुटून पडायला लागला. पण आनंदाने कुणी ओरडलं नाही. ताप तर मागच्या वेळीही उतरला होता. कासमचाचा रोज सकाळी यायचे, आपल्या घोड्याला भरवायचे आणि पेढ्यांचं नावही काढायचे नाहीत. आबा रोज यायचे, आणि उल्कासाठी भाकरी आणायचे. बोलणं रॉकीपुरतंच असे. किती खाल्लं, लीद कशी टाकली, पायाची सूज उतरली का.

तिसरा आठवडा लागला. सगळ्यांची रक्तं स्वच्छ येत होती. डॉ. रणपिसे त्या दिवशी दुपारी तपासणीला आल्या, आणि त्यांनीच रॉकीचा ताप मोजला. त्यांनी तापमापकाकडे बघितलं, तो पुन्हा लावला, आणि मग उल्काकडे दिला.

ताप चांगला चढलेला होता. रॉकी चंदी सोडून कोपऱ्यात उभा होता.

उल्काने रक्त काढलं, बारीक नळीत भरलं आणि ती नळी वेगाने फिरवणाऱ्या यंत्रात लावली. चाचांनी राजाच्या गळ्यात हात टाकला होता. उल्का वळली तेव्हा आबा तिच्यामागे उभे होते. आता हे काय बोलतील, या भीतीने तिने मान खाली घातली.

"ए पोरी," आबा हळू आवाजात म्हणाले. "इकडे बघ. मी दिला ना? मी माझ्या मनाने दिला. तू मला सगळं सांगितलं होतंस. काही झालं तरी मी तुला बोल लावणार नाय. तू स्वतःला खाऊ नको."

तिला रडू आवरेना. ती इतके महिने जे ऐकायला थांबली होती ते हेच होतं, आणि ते असं, सगळं हातचं जात असताना यावं! तिने बाहीने डोळे पुसले आणि नळी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

वळवळणारं काही नव्हतं. तिने नळी सरकवली, पुन्हा बघितलं. मग डॉ. रणपिशांना बघायला लावलं.

"मला काही दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"मलाही नाही. पण मागच्या वेळी ताप आला तेव्हा रक्त परजीवींनी भरलेलं होतं." रक्तात एखाददुसराच परजीवी असला तरी त्याची जनुकं ओळखणारी चाचणी तिने लावून ठेवली होती. ते यंत्र टेबलावर बारीक घरघरत होतं. "याचा निकाल येईपर्यंत सांगता येणार नाही."

"मग तोवर घोडा तपासूया," डॉ. रणपिसे म्हणाल्या. "ताप काय फक्त सर्ऱ्यानेच येतो?"

त्यांनी रॉकीचे डोळे, हिरड्या, छाती बघितली. उल्काने त्याला दोन पावलं चालवलं. तो पुढचा डावा पाय टेकताना कचरला. दोघींनी मिळून खूर उचललं; ते गरम होतं. डॉ. रणपिशांनी तळ खरवडला आणि एका काळ्या ठिपक्यावर बोट दाबलं, तसा रॉकीने पाय हिसकला.

"धरा रे कुणी!" त्या ओरडल्या. चाचा आणि आबा दोघंही धावले. डॉ. रणपिशांनी वाकडी सुरी आत घातली, आणि करड्या रंगाचा घाण वासाचा पू भळकन त्यांच्या बाहीवर आला, त्याबरोबर लोखंडाचा एक तुकडा.

"खिळा!" त्या म्हणाल्या. बाहीकडे बघून त्या इतक्या आनंदाने हसल्या की रॉकी दचकला. "ह्याच्या खुरात खिळा घुसून मोडलाय हो! जाळी ठोकताना पडलेला असणार."

त्याच वेळी टेबलावरचं यंत्र वाजलं. उल्काने निकाल वाचला. मग तिने पडदाच सगळ्यांच्या दिशेने फिरवला. परजीवीचा मागमूस नव्हता.

आबा तिथेच पेंढ्यावर बसले. "खिळा," ते म्हणाले, आणि पुन्हा म्हणाले, "खिळा!" चाचा त्यांच्या पाठीवर थापा मारत होते.

पू काढल्यावर, धुवून पट्टी बांधल्यावर रॉकीचा ताप उतरला. ठरलेला काळ संपला, मग त्याच्यावर आणखी एक महिना गेला. एकाही घोड्याचं रक्त बिघडलं नाही. डॉ. रणपिशांनी अहवाल पाठवला, आणि माथेरानचा हुकूम मागे घेतला गेला. त्याऐवजी प्रत्येक आजारी घोड्याला नवा तोतया द्यायचा असं ठरलं. दर महिन्याला रक्ताचे नमुने पुण्याला जात राहतील आणि पळसुले ते यंत्राखाली बघत राहतील. परजीवीने काही नवं काढलंच, तर ते घोड्याला ताप येण्याआधी कळावं म्हणून.

ज्या सकाळी तबेल्याची जाळी काढली त्या सकाळी सगळी आळी रेसकोर्सवर आली होती. दारं उघडली. घोडे आधी बिचकत बाहेर आले, डोकं वर करून वारा हुंगत उभे राहिले. मग रॉकीने एकदा खिंकाळून जी धाव ठोकली, की बाकीचे त्याच्यामागे. मैदानाला दोन वळसे झाले. तिसऱ्याला रॉकी मधोमध थांबला, गुडघे मोडून खाली बसला आणि लाल मातीत पाठीवर लोळायला लागला. चारी पाय आकाशाकडे. त्याचं बघून राजाही लोळला, मग सगळेच. धुळीचा एक लाल ढग उठला आणि त्यात कुठला घोडा कुणाचा ते दिसेनासं झालं.

ते उठले तेव्हा पांढरा, काळा, तपकिरी असा फरक उरला नव्हता. सगळे एकजात लाल.

"अरे देवा," आबा म्हणाले. "धाकट्या पोराहून वाईट! आता एवढं सगळं धुवायचं कुणी?"

उल्काने विजारीचे पाय दुमडून वर घेतले आणि नळाखाली पहिली बादली लावली.